इगतपुरीची कौलं, नांदगावचं धाबं

परवा भाचीबरोबर फ्लॅट बघायला गेले होते. पाथर्डी फाट्याच्या पुढे, जिथे मी लहानपणी हुरडा खायला गेल्याचं आठवतं, तिथे आता चौदा मजली इमारती उभ्या राहत आहेत. सॅम्पल फ्लॅटमध्ये टाय लावलेला एक मुलगा आम्हाला समजावत होता की ही साधी घरं नाहीत, ही ग्रीन होम आहेत. खिडक्या समोरासमोर, म्हणजे वारा आरपार जातो. अंघोळीचं पाणी बागेला जातं. भिंती अशा की घर तापत नाही. भाची भक्तिभावाने मान डोलवत होती. मी म्हटलं, "अरे, हे सगळं आमच्या अण्णांनी कधीच करून ठेवलंय. त्यात त्यांची एकच चूक झाली होती, आणि ती तुम्हीपण केली आहे." पोरगा घाबरला. "कोणती, मॅडम?" मी विचारलं, "कुरडया कुठे वाळवायच्या?" त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, "मॅडम, कुरडया आता मॉलमध्ये तयार मिळतात." भाची घरी येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही. मला मात्र रिक्षात बसल्या बसल्या आमचं नाशिक रोडचं घर दिसायला लागलं, आणि सत्तरीला टेकलेल्या बाईला एकदा काही दिसायला लागलं की ती ते लिहून काढेपर्यंत कुणाला स्वस्थ बसू देत नाही.

अण्णा, म्हणजे माझे वडील, मूळचे इगतपुरीचे. आजोबा रेल्वेत होते. घाटमाथ्यावरच्या त्या गावात पाऊस मुक्कामालाच असतो, त्यामुळे घर म्हणजे उतरतं छप्पर आणि छप्पर म्हणजे कौलं, यापलीकडे दुसरा विचार तिकडच्या माणसाच्या डोक्यात येत नाही. आई नांदगावची. तिकडे पाऊस कधीतरी येऊन तोंड दाखवून जाणारा. तिकडची जुनी घरं धाब्याची, म्हणजे वर सपाट. लाकडांवर काड्यापाला पसरायचा, त्यावर खारी माती दाबून बसवायची की झालं छप्पर. उन्हाळ्यात सगळं गाव आपापल्या धाब्यावर. झोपणं वर, मिरच्या वर, धान्य वर, पापड वर, आणि दोन घरांमधली भांडणंही वरच्या वर. आई म्हणायची, "आमच्याकडे मुलगी वयात आली हे आधी धाब्यावरच्या बायकांना कळायचं, मग घरात." तर अशा या दोन छपरांचं लग्न झालं, आणि ते बराच काळ कुणाच्या लक्षातच आलं नाही, कारण अण्णा नाशिक रोडच्या नोटा छापणाऱ्या सरकारी प्रेसमध्ये लागले आणि दोघंही क्वार्टरमध्ये राहायला आले. क्वार्टरला जे छप्पर असेल ते गोड मानून घ्यायचं असतं.

आमची खोली सगळ्यात वरच्या मजल्यावर. डोक्यावर स्लॅब. अण्णांना पाळ्या असायच्या, आणि रात्रपाळी करून आलेल्या माणसाला दिवसा झोपावं लागतं. एप्रिल-मे महिन्यात ते ओला पंचा अंगावर टाकून फरशीवर पडायचे, अर्ध्या तासात पंचा वाळायचा, की उठून पुन्हा भिजवायचे. दुपारच्या पाळीचा भोंगा झाला की लाल डोळ्यांनी उठून बसायचे आणि स्लॅबकडे बघून म्हणायचे, "हे घर आहे का तवा?" त्यांचं आयुष्यात एकच स्वप्न होतं: जिथे दुपारी झोप लागेल असं घर बांधायचं. आणि त्याच स्लॅबच्या वर, त्याच एप्रिलमध्ये, माझी आई राज्य करत असायची. साऱ्या बिल्डिंगचं वाळवण त्या गच्चीवर व्हायचं. साबुदाण्याच्या पापड्या, उडदाचे पापड, सांडगे, आणि मानाचा पदार्थ म्हणजे कुरडया. गहू दोन-तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून त्याचा चीक काढायचा, तो रात्रभर बसू द्यायचा, आणि पहाटे शिजवून गरम असतानाच सोऱ्यातून पाडायचा. चीक नीट शिजला की नाही हे बोट लावून सांगणारी बाई एकच, ती म्हणजे आई. आम्ही पोरं वाटीत गरम चीक, त्यावर तूप आणि साखर घेऊन पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसायचो. तो चिकट, किंचित आंबूस वास आजही कुठे आला तर मी असेन तिथे थांबते.

पुढे प्रेसमधल्या काही जणांनी मिळून सोसायटी काढली आणि पेरूची एक बाग विकत घेतली. प्लॉट पडले. सगळ्यांनी आपापले पेरू तोडले आणि चौकोनी स्लॅबची घरं उठवली, वर लोखंडी सळया उभ्याच ठेवून. पोरगा मोठा झाला की त्यावर मजला चढवायचा. अण्णांनी पेरू तोडले नाहीत. पेरूंच्या मधून घर बसवलं. भिंती हातभर जाड, खिडक्या समोरासमोर, पश्चिमेला खोल पडवी, छपराखाली गरम हवा निघून जायला झरोके, न्हाणीचं पाणी केळीला आणि अळूला, कुंपणाला शेवगा. आणि वर मंगलोरी कौलं. सगळ्या कॉलनीत एकच कौलारू घर. लोकांनी त्याचं नाव 'स्टेशन' ठेवलं. अण्णा पडवीत उभे दिसले की जाणारे येणारे विचारायचे, "काय मास्तर, गाडी किती लेट?" अण्णांना त्याचं काही नव्हतं. ते मला, गवंड्याला, पोस्टमनला, कुणालाही हात धरून आत न्यायचे आणि वारा कुठून येतो नि कुठून जातो ते दाखवायचे. आईला मात्र त्यांनी नकाशा कधी दाखवला नाही. दाखवायचा नाही असं काही ठरवलं नव्हतं, सुचलं नाही. "तुला काय, स्वयंपाकघर प्रशस्त आहे," एवढं एकदा म्हणाले. आई म्हणाली, "हं." आमच्या घरात या 'हं'चे पुष्कळ अर्थ होते आणि अण्णांना त्यातला एकच माहीत होता.

घर झालं मात्र नावाजण्यासारखं. आजकाल बिल्डर लोक येऊन त्याच्याकडे बघत उभे राहतात, अर्थात ते पाडलं तर काय होईल याचा हिशोब करत. पण मी सांगते, त्या घरात भर दुपारी पाऊल टाकलं की अंगावरचा घाम जागच्या जागी थांबायचा. माठाचा गारवा, ओल्या मातीचा वास, कौलांवरून खारी धावल्याची खुडबुड. दुपारी कॉलनीतल्या बायका निवडायचे तांदूळ घेऊन आमच्या पडवीत यायच्या आणि मधल्या खोलीत अण्णा झोपलेले असायचे म्हणून कुजबुजत बोलायच्या. कुजबुजीतली भांडणं मी तिथेच ऐकली. अण्णा घोरायचे. इतकी वर्षं अपुरी राहिलेली झोप त्यांनी तिथे सव्याज वसूल केली. त्यांच्या चेहऱ्यावरचा तांबूसपणा गेला, आवाज खाली आला, एकदा तर ते गुणगुणताना सापडले. त्यांचं सुख बघून मला बरं वाटायचं, हे खोटं नाही.

पण वाळवणाचे दिवस आले की आईचं तोंड बारीक व्हायचं. कौलांवर काही वाळत घालता येत नाही, आणि अंगणात ऊन म्हणून नाही. पेरू, शेवगा, केळी, आणि मधे कुठे भोक राहिलंच असेल तर तिथे अण्णांनी लावलेला कडुनिंब. आईला शेजारच्या पगारे काकूंच्या गच्चीवर जावं लागायचं. पगारे काकू निफाडकडच्या, मोठ्या आवाजाच्या, मनाने दिलदार. पण गच्ची त्यांची, म्हणजे आधी त्यांचं वाळवण, मग त्यांच्या जावेचं, मग इतर गच्चीवाल्यांचं जे उरलं असेल ते, आणि शेवटी आमचं. शिवाय त्यांचा जिना घरातून होता. हातात पातेलं घेऊन त्यांच्या बैठकीच्या खोलीतून जायचं, त्यांचे यजमान पेपर वाचत बसलेले असायचे, आणि काकू प्रेमानेच ओरडायच्या, "वहिनी, पाय तेवढे पुसा हां, लादी आत्ताच पुसलीय!" क्वार्टरच्या गच्चीवर जिच्या शब्दाशिवाय सोऱ्या हलत नव्हता, ती बाई इथे दाराशी पाय पुसत उभी. पहिल्या वर्षी ती हसून गेली. दुसऱ्या वर्षी गहू भिजत घालताना मला म्हणाली, "हे शेवटचं. पुढच्या वर्षापासून मी काही करायची नाही. विकत आणा काय आणायचं ते." मी सोळा वर्षांची होते. कुरडया गेल्या तर गेल्या, असं मला वाटायला हरकत नव्हती. पण आईने ते असं काही सांगितलं की मला घरातलं कुणीतरी आजारी असल्यासारखं भ्यायला झालं. कुरडया सोडल्या की ती आणखी काय काय सोडेल, हे मला समजत नव्हतं.

आणि त्याच वर्षी पगारेंच्या थोरल्या मुलाचा साखरपुडा अचानक ठरला. अचानक म्हणजे मुलीकडचे म्हणाले, आम्ही येतोच आहोत तर उरकूनच घेऊ. गच्चीवर मांडव पडला. काकू आदल्या संध्याकाळी सांगायला आल्या, अगदी हात धरून म्हणाल्या, "वहिनी, लय वाईट वाटतंय, पण दोन दिवस थांबा. मांडव उतरला की आख्खी गच्ची तुमची." आई म्हणाली, "अहो, शुभकार्य आहे, त्यात काय एवढं!" त्या गेल्यावर तिने परातीवरचं झाकण काढून आत बोट बुडवलं आणि वास घेतला. चीक निघाला होता. चीक कुणाच्या साखरपुड्यासाठी थांबत नाही. उन्हाळ्यात दोन दिवस ठेवला तर आंबून फुकट.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा रात्रपाळी करून आले, चहा घेतला आणि मधल्या खोलीत जाऊन झोपले. आईने चीक शिजवला. मग पदर खोचला, मागच्या भिंतीला शिडी लावली, आणि बोहारणीला द्यायला काढलेली दोन लुगडी माझ्या खांद्यावर टाकून म्हणाली, "चल." मी म्हटलं, "आई, कौलांवर?" ती म्हणाली, "ऊन कुठे आहे ते मला दाखव, मी तिथे घालते." ती नांदगावची, छप्पर म्हणजे चालायची जागा, हे तिच्या पायांना जन्मापासून माहीत. कौल पायाखाली फुटतं हे इगतपुरीच्या शेंबड्या पोरालाही कळतं, पण इगतपुरीचा माणूस तर खाली घोरत होता. मी शिडीवर उभी राहून सोऱ्या भरून देत होते आणि आई उकिडवी बसून उतारावर कुरडया पाडत होती. पहिली ओळ छान झाली. दुसऱ्या ओळीतल्या कुरडया हळूहळू खाली घसरायला लागल्या. आई हसली. किती दिवसांनी हसली! "थांब, वरच्या अंगाला सपाट आहे जरा," म्हणाली आणि उठून उभी राहिली. एक कौल कडकन वाजलं, आणि आई एका पायाने मांडीपर्यंत आत गेली.

पुढचं मी शिडी उतरून धावत मधल्या खोलीत गेले तेव्हा पाहिलं. अण्णा खाटेवर उठून बसलेले, डोक्यावर कौलाचा चुरा, आणि वर छपरातून लोंबणारा एक पाय, त्यावरून रक्ताची बारीक धार. बोटांत जोडवी. अण्णा त्या जोडव्यांकडे बघत होते. मग एकदम ओरडले, "अगं, तू वर काय करतेस?" छपरातून आवाज आला, "कुरडया!" अण्णांनी खाटेवर टेबल चढवलं, टेबलावर स्वतः चढले आणि पाय वर ढकलून मोकळा करायला दोन्ही हातांनी तिचं पाऊल धरलं. त्यासरशी आई वरून अशी किंचाळली, जशी जखमेनेसुद्धा किंचाळली नव्हती. "अहो, सोडा! पायाला हात लावू नका! मला पाप लागेल!" अण्णा म्हणाले, "पापाचं मागाहून बघू, आधी पाय काढू दे." "नको म्हणते ना! शालूला चढू द्या!" शालू म्हणजे मी. "शालूचा हात पोचत नाही!" "मग राहू द्या तसाच!" अशी त्यांची वादावादी चालली होती, एक छपराच्या वर, एक छपराच्या खाली. आईने पाय ओढून घ्यायचा प्रयत्न केला, आणखी एक कौल सुटून खाटेवर आदळलं, आणि त्या भोकातून मधल्या खोलीत ऊन पडलं. अण्णांच्या थेट तोंडावर. त्यांनी डोळे मिटले, पण पाऊल सोडलं नाही. तेव्हा आई रडायलाच लागली. म्हणाली, "या घरात सगळं केलंत तुम्ही. वारा आणलात, पाणी आणलंत, झाडं ठेवलीत. माझ्यापुरतं ऊन तेवढं कुठे ठेवलं नाहीत."

मला त्यांचा राग नाही आला, आईचीही फक्त कीव नाही आली. दोघांवरही एकदमच माया आली, आणि तेवढ्यात शेजारच्या गच्चीवरून हे सगळं ऐकलेला साखरपुड्याचा लवाजमा आमच्या घरात शिरला. पगारे काका आणि मुलीचा मामा शिडीवरून वर चढले, आईला दोन्ही काखांत धरून उचललं, अण्णांनी खालून पाऊल वर सरकवलं, तेव्हा कुठे ती सुटली. काकूंनी कपाळावर हात मारून घेतला. "अवं वहिनी, मांडव काय, अर्धा उतरवला असता! मला हाक नाय मारायची व्हय?" मग त्यांनी चुलीवरचं पातेलं पाहिलं, बोट लावलं, आणि भर साखरपुड्यात पैठणीचा पदर खोचला. मांडवाची एक बाजू खरोखरच वर गुंडाळली गेली. आईला डॉक्टरांकडे नेऊन टाके घालून आणेपर्यंत पगारेंच्या गच्चीवर आमच्या कुरडया पडल्या होत्या, आणि त्यात नवरीकडच्या दोन मावश्यांचाही हात होता. एक जण म्हणाली म्हणे, "बरं झालं, घर शेजाऱ्याच्या कामाला धावणारं दिसतंय." ते लग्न छान झालं आणि टिकलं.

पुढचे काही दिवस आई त्याच खाटेवर पाय लांब करून पडून होती. वरचं भोक तसंच होतं. अण्णांनी कौलं आणून बसवायला हवी होती. एरवी एक कौल हललं तरी शिडी लावणारा माणूस. पण ते कामावर जात, येत, पडवीत बसून राहत. बोलत नसत. मला वाटलं, रागावले. चारचौघांत आईने तसं बोलायला नको होतं, असं त्यांना वाटत असणार. आईलाही तसंच वाटलं. ती कण्हणंही दाबून कण्हायची. दुपारी त्या भोकातून उन्हाचा पट्टा यायचा आणि खाटेवरून हळूहळू सरकत जायचा. अण्णांनी पडवीत चटई टाकून झोपायला सुरुवात केली होती, पण त्यांना झोप येत नव्हती, हे कूस बदलल्याच्या आवाजावरून कळायचं.

मग एका संध्याकाळी ते कामावरून आले ते खडू घेऊन. हातपाय धुतले नाहीत, चहाही मागितला नाही. आईच्या खाटेसमोर शहाबादी फरशीवर उकिडवे बसले आणि आमच्या घराचा नकाशा काढायला लागले. पुढची पडवी, मधली खोली, मागे स्वयंपाकघर आणि न्हाणी. मागच्या भागावर त्यांनी आडव्या रेघा मारल्या. फरशीकडेच बघत म्हणाले, "एवढी कौलं काढायची आणि सपाट करायचं, असं म्हणतो. पेरूही दोन काढावे लागतील." आई उठून बसली. अण्णांनी मान वर केली. कॉलनीतल्या सगळ्यांना हात धरून घर दाखवणारा तो माणूस, आवाज इतका लहान करून बोलताना मी तेव्हाच ऐकला. "जिना कुठून घ्यायचा?"

आईने मला बाहेर जायला खूण केली. मी दारापर्यंत गेले आणि तिथेच उभी राहिले. ती खाटेवरून नकाशावर वाकली आणि म्हणाली, "बाहेरून. रस्त्याच्या अंगाने. म्हणजे मी घरात नसले तरी कुणालाही वर जाता येईल. कुणाला विचारायला नको." अण्णांनी बाहेरून रेघ ओढली. "पायऱ्या बुटक्या करा. हातात पातेलं असतं, पाय दिसत नाही." अण्णांनी मान हलवली. "स्लॅब टाकला तर वर हातभर खारी माती टाका. दादाला कळवते, तो नांदगावहून आणून देईल. मग खाली तापायचं नाही, झोप नाही मोडायची तुमची. कठडा कमरेएवढाच ठेवा, पगारे वहिनींशी बोलता आलं पाहिजे. वर एक नळ हवा. आणि पेरू एकच काढा, तो दुसरा नका काढू, चार वाजता त्याची सावली तिथे पडेल, बसायला लागतं." अण्णा खडूने भराभर खुणा करत होते. आईचा आवाज आता कण्हणारा राहिला नव्हता. "खाली स्वयंपाकघराची खिडकी हातभर पलीकडे सरकवा, धूर माझ्याच तोंडावर येतो. आणि ओटा. तो तुमच्या उंचीने बांधलाय. पोळ्या लाटताना पहिल्या दिवसापासून माझा खांदा भरून येतो."

अण्णांचा खडू थांबला. त्यांनी एकदा आईकडे बघितलं, एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे. मग काढलेला सगळा नकाशा दोन्ही तळव्यांनी पुसून टाकला, मांडी घालून नीट बसले आणि म्हणाले, "थांब. ओट्यापासून सांग."